चार बोटं

कागदावर वीतभर रेघ ओढून
पेन्सिल त्याच्या उजव्या हातात दिली.
"कवडूजी, बरोब्बर मधोमध खूण करा."

तो हसला. म्हणजे उजवा गाल हसला.
चाळीस वर्षं नुसत्या नजरेनं
सागाच्या फळ्या निम्म्या करणारा सुतार,
त्याला मी मध्य विचारत होते.

खूण पडली
मध्यापासून चार बोटं उजवीकडे.

मी लिहीत गेले.
डावा खांदा: सांध्यात दोन बोटांची फट.
डावा हात: सरकतो, उचलत नाही.
दाढी: अर्धी.
ताटात उजवीकडचा भात संपलेला,
डावीकडचं वरण निवून घट्ट,
आणि बायकोवर राग, की वाढलं कमी.
घड्याळ काढायला सांगितलं
तर बाराही आकडे एकाच कडेला,
बाजाराच्या दिवशी काळीपिवळीत कोंबल्यासारखे.

वच्छलाबाईंना समजावलं:
डोळा धड आहे, मेंदू ती बाजू विसरलाय.
बाज फिरवा, दार डावीकडे येऊ द्या.
पाण्याचा गडवा, गोळ्या, येणारी-जाणारी माणसं
सगळं डावीकडून.
हात धरून ओढू मात्र नका, खांदा निसटेल.

त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.
"म्याडम, डावीकळे याचा भाऊ रायते.
अकरा वर्सं झाले, थ्या बाजूनं यानं पायलंच नाई.
तवा त लकवा नोता."

भिंतीची गोष्ट मग तुकड्यातुकड्यानं कळली,
कधी चहासोबत, कधी टाच दाबायचा व्यायाम चालू असताना.
बाप गेला, घर वाटायचं ठरलं.
यानंच दोरी गेरूत बुडवली, ताणली,
टणकन सोडली जमिनीवर.
लटारी म्हणाला, चार बोटं माझ्याकडे सरकली.
यानं टेप काढलाच नाही खिशातून.
"माह्या डोयाले टेप लागत नाई."

माझ्या फॉर्मवर भावांसाठी रकाना नाही.
मी फक्त भिंतीवरून आवाज दिला:
एक रंधलेली फळी मिळेल का,
आणि थोडा गेरू?
फळीच्या डाव्या कडेला लाल रेघ लागते,
भरकटणाऱ्या नजरेला खुंटा म्हणून.

लटारी फळी घेऊन आला.
रेघ त्यानंच ओढली, उकिडवा बसून,
बाजेच्या डाव्या बाजूला,
जिथं कवडूसाठी काहीच नव्हतं:
ना आंगण, ना शेळी, ना तो.

फडक्यावर डावा हात ठेवून
आम्ही सरकवत गेलो लाल रेघेकडे.
पोचला नाही. पुन्हा. पोचला नाही.
बाहेर ऊन चढत होतं, माझे अजून तीन पेशंट
अंधारी नदीच्या पलीकडे.

लटारीनं माझ्या फायलीतला तो पहिला कागद पाहिला,
रेघ, तिच्यावरची खूण.
बोटं ठेवून मोजली.
एक, दोन, तीन, चार.
"पायलं का म्याडम?
आता मले चार बोटं जास्त देल्ले यानं."
आणि खोकला. हसू लपवायला असेल,
किंवा दुसरं काही.

खोकला ओळखीचा असावा.
आधी डोळे निघाले, मग हनुवटी.
मधल्या रेषेवर मान अडली,
भिंतीला टेकल्यासारखी.
मी काही बोलले नाही. वच्छलाबाई चुलीपाशी उभ्याच्या उभ्या.
मग मान पुढं गेली,
बोटभर, अजून बोटभर.

"टेप... आन," कवडू म्हणाला.
शब्द जड, पण राग अगदी स्वच्छ.
"आन टेप. मोज."

भांडण अर्धा तास चाललं.
मी थांबवलं नाही.
अर्धा तास तो डावीकडे बघत होता.